उत्तर: उत्तर: रविवार ९ तारीख – आप्पा – वेळेचा घोळ

प्रेषक: सचिव
मंडळी, आप्पांच्या शोकसभेसाठी हॉल मिळाला. रविवार ९ नोव्हेंबर, १२ ते ३. इथले दुपारचे १२ म्हणजे कोल्हापुरात साडेचार. आजींना तेव्हाच व्हिडिओवर घेऊ, पहिली पंधरा मिनिटं त्यांची. फोटो ईमेलने पाठवा. आणि मंडळाचं मोठं पातेलं कोणाकडे आहे? झाकणासकट हवं.

प्रेषक: खजिनदार
साडेचार नव्हे, साडेपाच. इथली घड्याळं हिवाळ्यासाठी २६ ऑक्टोबरला एक तास मागे गेली. तुळशीच्या लग्नाला याच हिशेबाने भटजींना तासभर कॅमेऱ्यासमोर ताटकळत ठेवलं होतं, विसरलात?

प्रेषक: मंगळवार पेठ
साडेपाच असेल तर आजी मिळणार नाहीत. ९ तारखेला किरणोत्सव. पावणेसहाच्या आसपास ऊन महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या पायांशी पोचतं. त्या वेळी कोल्हापूरच्या बाईला फोनवर बसवणार? आप्पा असते तर म्हणाले असते, ‘खुळं का काय रं तुम्ही?’

प्रेषक: शनिवारची मराठी शाळा
माझ्या माहितीप्रमाणे ९ ला किरणं चरणांवर, १० ला छातीपर्यंत आणि ११ ला मुखावर येतात. मग आजींनी मंगळवारी जावं, खरं दर्शन तेव्हाच. शिवाय घरात असं झाल्यावर वर्षभर देवळात जातात का? आमच्याकडे जात नाहीत.

प्रेषक: मंगळवार पेठ
तुमच्याकडे म्हणजे पुण्यात. तेरावं कधीच झालंय.

प्रेषक: स्वयंपाकघर
देवळाचं नंतर बघा. तांबडा-पांढरा करायचा की साधं वरण-भात, एवढं सांगा. मटण असेल तर गुरुवारपर्यंत कळायला हवं. आणि या वेळी चटणी कोणीही हॉलमध्ये परतायची नाही. आप्पा इथे आले होते तेव्हा ‘विकतच्या मसाल्याला काय चव?’ म्हणत कांदा-लसूण परतायला बसले. आगीचा भोंगा वाजला, अख्खी इमारत बाहेर, आणि हे झारा हातात धरून ‘करपलं ना आता’ म्हणत उभे. दंडाची चिठ्ठी माझ्या नावावर आली होती. पातेलं माझ्याकडे आहे. झाकण नाही.

प्रेषक: खजिनदार
दंड मंडळाने भरला होता. पावती आहे.

प्रेषक: थोरला
सगळ्यांना एकदमच लिहितो. आईशी काल बोललो. ती म्हणाली, ‘मी देवळात जाऊन येतो, मग तुमचं काय ते लावा.’ विषय संपला.

मुखदर्शनाच्या दिवशी जा, असं मीही सुचवून बघितलं. तर आप्पा तिला पहिल्याच दिवशी न्यायचे. गर्दी त्यातल्या त्यात कमी, आणि तिचे गुडघे दुखतात. चप्पल-स्टँडच्या रांगेत तिला उभं राहायला लागू नये म्हणून तिच्या चपला कापडी पिशवीत घालून ती पिशवी धरून हे बाहेरच थांबायचे. आत कधी गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, ‘ती आल्यावर सांगते की सगळं.’ यंदा ती पिशवी धरायला धाकटी जाणार आहे.

फोटोंचं म्हणाल तर त्यांचा एकट्याचा बरा फोटो नाहीच. शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते तेव्हाचा एक आहे, त्यात गुळाचे रवे (ढेपा) स्पष्ट आणि आप्पा पुसट. रवा नुसता बघून वजन सांगायचे आणि किलोभराच्या पलीकडे चुकायचे नाहीत. माझ्या कॉलेजच्या फीसाठी आणखी दोन अडतींची खतावणी रात्री घरी आणून लिहायचे. आम्ही झोपलेलो असलो की दिव्याला पुठ्ठा लावायचे. तो पुठ्ठा मीच बनवला होता, तिसरीत. बदलू दिला नाही.

नातवाला बोलायचंय. मागच्या सुट्टीत आजोबांनी त्याला शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल मॅच दाखवली, तेव्हापासून इथल्या लीगला तो ‘गप्प मॅच’ म्हणतो. त्याला पाच मिनिटं द्या, मराठी मोडकं आहे.

प्रेषक: सचिव
मग आजी कधी?

प्रेषक: थोरला
साडेसहाला घरी पोचेल. चहा होईपर्यंत पावणेसात. म्हणजे इथे सव्वा.

प्रेषक: सचिव
सव्वा कोणाचा?

प्रेषक: खजिनदार
सव्वा एक. लिहून ठेवा.

प्रेषक: शनिवारची मराठी शाळा
आमच्याकडे खरंच जात नाहीत, पण असो. नातवाचं भाषण मी बसवून घेते, शनिवारी पाठवा.

प्रेषक: मंगळवार पेठ
बसवू नका. मोडकंच बोलू दे.

प्रेषक: स्वयंपाकघर
तर जेवण १२ ला, सभा १ ला, आजी सव्वाला. तांबडा-पांढरा धरते, शाकाहारी लोकांनी हात वर करा. चटणी घरून आणा, डब्यावर नाव घाला. झाकण गणपतीनंतर ज्यांनी नेलं त्यांना माहीत आहे.