ड्राय फूड नाकारणारा कुत्रा: नखरे की तक्रार?

शेपूटवाला:

कुत्रा पाळणारे चार जण जमले की हल्ली एक रडगाणं ठरलेलं असतं: "आमचा ड्राय फूडला (पाकिटातल्या कोरड्या दाण्यांना) तोंडच लावत नाही हो." जरा खोदून विचारलं की सगळी कथा बाहेर येते. सकाळी त्याने वाडग्याकडे पाठ फिरवली म्हणून वर उकडलेलं चिकन पेरलं. त्याने चिकन तेवढं वेचून खाल्लं, दाणे तसेच. संध्याकाळी अंडं, दुसऱ्या दिवशी चीज, आणि आता हाताने भरवल्याशिवाय साहेब जेवत नाहीत.

माझ्या मते हे नखरे त्याला आपणच शिकवतो. नाही म्हटलं की याहून चांगलं काहीतरी येतं, हे कुत्र्याला फार लवकर कळतं. त्यात त्याची लबाडी काही नाही, तो आपल्याला बरोब्बर ओळखून असतो इतकंच.

यावर करायचं ते साधं आहे. जेवणाच्या वेळा ठरवा. वाडगा ठेवा आणि तिथून निघून जा. "खा ना रे सोन्या" करत शेजारी बसू नका. 15-20 मिनिटांनी उरलेलं उचला. पुढच्या जेवणापर्यंत ट्रीट नाही, बिस्किट नाही. पाणी मात्र कायम समोर हवं. धडधाकट मोठा कुत्रा एक-दोन जेवणं सोडून काही मरत नाही. अवघड आहे ते घरातल्या माणसांना आवरणं. टेबलाखालून हळूच तुकडा सरकवणारा एक जण निघाला की सगळ्या शिस्तीवर पाणी.

काजळमाया:

अजिबात पटलं नाही. तुम्ही दोन वेगळे कुत्रे एकाच दावणीला बांधलेत. लहानपणापासून निवडून खाणारा एक, आणि कालपरवापर्यंत वाडगा चाटूनपुसून साफ करणारा, पण आता अचानक थांबलेला दुसरा. या दुसऱ्याला 20 मिनिटांचा नियम लावणं म्हणजे आजारी जनावराला उपाशी ठेवणं.

तो वाडग्यापाशी कसा वागतो ते नीट बघा. उत्साहाने येतो, दाणा तोंडात घेतो आणि खाली टाकतो? एकाच बाजूने चावतो? मग दात बघा. ओठ वर करून वरच्या जबड्यातली मागची मोठी दाढ पाहा. कडक हाडं, शिंगं चावणाऱ्या कुत्र्यांची तीच दाढ तडकते. किंवा येतो, हुंगतो, जिभेने ओठ चाटतो, लाळ गाळतो आणि मान वळवतो? मग ती मळमळ असते. पोट, मूत्रपिंड, यकृत, कुठलंही कारण असू शकतं. आणि एकदा मळमळत असताना जे खाणं समोर होतं, त्याचा वासही नंतर त्याला नकोसा होतो. बरा झाल्यावरसुद्धा.

शेपूटवाला:

मी धडधाकट असं स्पष्ट लिहिलंय. दाण्यांना नाक मुरडणारा पण चीजचं पाकीट उघडल्याचा आवाज तिसऱ्या खोलीतून ऐकून धावत येणारा कुत्रा आजारी नसतो.

काजळमाया:

असू शकतो, तोच तर मुद्दा आहे. दाढ दुखत असली तरी मऊ चीज गिळता येतं, कडक दाणा फोडता येत नाही. थोडी मळमळ असली तरी फार आवडीच्या वस्तूला तो नाही म्हणत नाही. चीज खाल्लं म्हणजे ठणठणीत, हे सर्टिफिकेट कुठल्या व्हेटने, म्हणजे पशुवैद्याने दिलं?

तोळामासा:

दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहून गेली. कित्येक "न खाणारे" कुत्रे पोट भरलेलं म्हणून खात नाहीत. हिशोब करून बघा.

10 किलोचा, नसबंदी झालेला, मोठा कुत्रा. विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या ऊर्जेचं सूत्र: वजनाचा 0.75 वा घात गुणिले 70. आले साधारण 394 किलोकॅलरी. रोजच्या हालचालीसाठी त्याला 1.6 ने गुणायचं, म्हणजे 630 च्या आसपास. 100 ग्रॅमला 360 किलोकॅलरी असलेलं ड्राय फूड दिलं तर दिवसभराचे मिळून 175 ग्रॅम, दोन्ही वेळचं धरून. वजनकाट्यावर मोजून वाडग्यात ओता. "एवढंसंच?" असंच तोंडातून निघेल. (सूत्र ढोबळ आहे, कुत्र्यागणिक फरक पडतो.)

ट्रीट आणि वरचं खाणं एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगतात. इथे ती मर्यादा 63. एक उकडलेलं अंडं साधारण 70 चं. म्हणजे लाडाने दिलेल्या एका अंड्यात दिवसाचा कोटा संपला. वर बिस्किटं, दात घासायची कांडी, आणि मग रात्री तो जेवत नाही म्हणून काळजी! बरगड्यांवरून हात फिरवा. हलकेच दाबल्यावर हाताला लागत असतील आणि वरून बघताना कंबर दिसत असेल, तर तो उपाशी नाही. पिल्लाचंही तेच. वाढ मंदावते त्या महिन्यांत भूक कमी होते आणि मालक घाबरून टॉपिंग सुरू करतात.

चूलबंद:

मला मुळात प्रश्न वेगळाच पडतो. ड्राय फूडच का? त्यात ओलावा असतो 10 टक्के, डब्यातल्या ओल्या खाण्यात 75 च्या वर. शिवाय कारखान्यातसुद्धा ते दाणे तयार झाल्यावर त्यांवर चरबी आणि प्राण्यांच्या यकृतासारख्या अवयवांपासून केलेला अर्क फवारतात, तेव्हा कुठे कुत्रा तोंड लावतो. म्हणजे टॉपिंग कंपनीने केलं तर शास्त्र, मी केलं तर लाड! तो चिकन-भात आवडीने खातो, मग द्या की चिकन-भात. झगडा कशाला?

तोळामासा:

कारण नुसता चिकन-भात अपुरा आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. कुत्र्याला कॅल्शियम किमान फॉस्फरसइतकं तरी लागतं. वाढत्या पिल्लाला महिनोन्महिने नुसतं मांस आणि भात दिला तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं, हाडं ठिसूळ होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विभागाने 2013 मध्ये घरगुती खाण्याच्या 200 पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या, वेबसाइटवरच्या, काही तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या. 95 टक्के पाककृतींत निदान एक आवश्यक घटक कमी निघाला.

चूलबंद:

मग पाककृती वाईट होत्या. घरचं खाणं वाईट हे त्यातून कसं निघालं? आहारतज्ज्ञ पशुवैद्याकडून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे पाककृती लिहून घ्या, सांगितलेली कॅल्शियम-जीवनसत्त्वांची पूड न चुकता घाला, तांदळाऐवजी मनाला येईल ते घालू नका. एवढं जमत नसेल त्याने घरचं देऊ नये, मान्य. पण "पाकीट म्हणजे संपूर्ण आहार" म्हणणाऱ्यांपैकी कितीजण त्या पाकिटावर "संपूर्ण" लिहिलंय की "पूरक" ते वाचतात?

पिंपातला:

पाकिटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. स्वस्त पडतं म्हणून लहान कुत्र्यासाठी भलं मोठं पोतं आणायचं, प्लास्टिकच्या पिंपात ओतायचं, संपत आलं की धुण्याची तसदी न घेता त्यावरच नवीन ओतायचं, हे घरोघरी चालतं. पिंपाच्या आत बोट फिरवून बघा. चिकट थर लागेल, त्याला जुन्या तेलाचा कडवट वास येईल. ती खवट झालेली चरबी. आपल्याला फक्त पिंपात नाक खुपसल्यावर कळतं, त्याला वाडगा ठेवताक्षणी कळतं. माणसाच्या जिभेवर नऊएक हजार स्वादकलिका, कुत्र्याच्या साधारण 1700. त्याची निवड नाकावर चालते.

म्हणून शिस्त लावण्याआधी पोतं बदला. महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढंच आणा, मूळ पिशवीतच ठेवा, पिशवीसकट डब्यात घाला. वाडग्यात थोडं कोमट पाणी घालून पाच मिनिटं थांबा, वास खुलतो. कढत नको. भिजवलेलं मात्र तास-दोन तासांत उचला. आणि पाण्याऐवजी सूपच्या वड्या किंवा तयार स्टॉक वापरू नका. त्यात बहुधा कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. मीठ वेगळंच.

शेपूटवाला:

कोमट पाण्याला माझी हरकत नाही. ते रोज तेच राहतं, नाकारल्यावर बक्षीस म्हणून येत नाही. दर दोन आठवड्यांनी ब्रँड बदलण्याला मात्र आहे. नवीन पाकीट दोन दिवस मिटक्या मारत खातो, तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. बदलायचंच असेल तर जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत सात ते दहा दिवस घ्या, नाहीतर जुलाब, आणि जुलाबांनंतर पुन्हा "खात नाही".

मुठीएवढा:

हे सगळं वाचून कोणी चिमुकल्या जातीच्या पिल्लाला उपाशी ठेवायच्या आत लिहिते. चिवावा, यॉर्की, टॉय पॉमेरेनियन यांच्या लहान पिल्लांची साखर काही तासांच्या उपवासातही घसरू शकते. पिल्लू लटपटतं, ग्लानीत जातं, झटके येतात. तिथे 20 मिनिटं-आणि-उचला हा खेळ नकोच, दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या आणि नाकारलं तर लगेच व्हेटला फोन करा. मधुमेही कुत्र्याचंही तसंच, इन्सुलिन आणि जेवण एकमेकांना बांधलेलं असतं. आणि घरात मांजर असेल तर तिच्यावर हा प्रयोग चुकूनही नको, दोन-तीन दिवसांच्या उपासात मांजरीच्या यकृतात चरबी साठते.

शेपूटवाला:

बरोबर. मोठ्या कुत्र्यालाही 24 तासांच्या पुढे मी ताणत नाही. सोबत उलटी, जुलाब किंवा मलूलपणा असेल तर तेवढंही थांबू नका.

काजळमाया:

24 तास थांबण्याआधी ओठ वर करून दाढ बघा, मला एवढंच म्हणायचंय. अर्धा मिनिट लागतो.

चूलबंद:

आणि ती दाढ तडकलेली निघाली तर बसवून होईपर्यंत त्याला काय वाढणार? दाणेच?

काजळमाया:

भिजवलेले. आणि दाढ बसवत नाहीत हो, काढतात किंवा रूट कॅनाल करतात.