दोष एकच, मग दोन भावंडांच्या त्रासात एवढा फरक का?

प्रश्न (कुरखेडा तालुका):
माझ्या दोन्ही लेकरांच्या सिकलसेल अहवालात ‘एसएस’ (म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आलेला) असेच लिहिले आहे. तरीही धाकटी रोवणीच्या दिवसांत बांधीवर माझ्यासोबत असते, आणि थोरला पावसात भिजला की रात्रभर कण्हतो. संगणकावर जनुके तपासणारे याचे कारण सांगू शकतात काय?

उत्तर १:
ताई, बऱ्याच अंशी सांगू शकतात. मूळ दोष अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन जनुकातील एका अक्षराचा आहे. परंतु गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर किती टिकते, हे इतर जनुकेही ठरवतात, आणि ते जितके जास्त, तितका त्रास साधारणपणे कमी. अनेक लोकांच्या जनुकसंचातील लाखो ठिकाणे या प्रमाणाशी ताडून पाहिल्यावर २००७-०८ मध्ये बीसीएल११ए हे जनुक पुढे आले. इतक्या तुलनांत निव्वळ योगायोगही पुरावा भासतो, म्हणून त्याची शक्यता दोन कोटींत एकाहून कमी असेल तरच दुवा ग्राह्य धरतात. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. याच जनुकाचा धागा धरून घडवलेल्या जनुक-संपादन उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली.

उत्तर २:
दोघांच्या एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) अहवालात ‘एचबीएफ’, म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन, यासमोरचा आकडा पाहा, धाकटीचा जास्त असू शकेल. मात्र संसर्ग, पाणी कमी पिणे, थंडी यांचाही वाटा असतो. थोरल्यासाठी हायड्रॉक्सीयुरियाबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारा. ते औषध हेच हिमोग्लोबिन वाढवते.

प्रश्नकर्ती:
अहवाल काढून पाहिले. धाकटीचा २२ टक्के, थोरल्याचा ९ टक्के. सोमवारी दोन्ही कागद घेऊन दवाखान्यात जाते.