हिब्रू वर्ष 5787 ची सचित्र दिनदर्शिका स्वतः काढते आहे. तेराव्या महिन्याचे काय करावे?

रेवदंड्याची लेक:
नमस्कार. मी बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरातली चित्रकार आहे आणि 12 सप्टेंबर 2026 रोजी सुरू होणाऱ्या हिब्रू वर्ष 5787 साठी भिंतीवर लावायची सचित्र दिनदर्शिका स्वखर्चाने काढण्याची माझी तयारी चालू आहे. आमच्या घरी आजवर आलेल्या ज्यू दिनदर्शिकांवर बर्फाने झाकलेली गावे आणि लोकरीच्या टोप्या घातलेली माणसे असत. माझी आजी ज्यांना नव्याचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण म्हणायची, ते सण आमच्या अंगणात कसे दिसतात हे मात्र कोणी काढलेले मला आढळले नाही. म्हणून मी जलरंगात बारा चित्रे पूर्ण केली आहेत. त्यांत अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे, नवगावचा किनारा आहे, आणि गूळ-खोबरे घातलेले पोहे व त्यांभोवती फळे मांडलेले मलिद्याचे ताट आहे.

आता अडचण अशी की 5787 मध्ये तेरा महिने आहेत. पाने इंग्रजी महिन्यांप्रमाणे करावीत की हिब्रू महिन्यांप्रमाणे? तिथी हिब्रू अक्षरांत द्यायच्या असतील तर काय सांभाळावे लागते? आणि केवळ 150 प्रती छापायच्या असतील तर छपाई कोणत्या पद्धतीने करावी?

ठाणेकर:
पाने हिब्रू महिन्यांप्रमाणेच करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजी महिन्यांत बसवायला गेलात तर सप्टेंबर 2026 पासून ऑक्टोबर 2027 पर्यंत चौदा पाने होतील, आणि तिश्री हा वर्षाचा पहिला महिना पहिल्याच पानावर मधोमध तुटेल. आपल्या वाचकांना अधिक महिना नवा नाही. दर 19 वर्षांत 7 वर्षे तेरा महिन्यांची असतात. फरक एवढाच की हिंदू पंचांगातला अधिक महिना जागा बदलतो, 2026 मध्ये तो ज्येष्ठात आहे, तर ज्यूंचा नेहमी अदार हाच महिना दुप्पट होतो. 5787 हे पूर्ण 385 दिवसांचे वर्ष आहे. पुरीम हा सण दुसऱ्या अदारात, म्हणजे 23 मार्च 2027 रोजी येतो. तो चुकून पहिल्या अदारात पडू देऊ नका.

हिब्रू अक्षरांबद्दल मात्र मी आग्रहाने लिहितो, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. काही वर्षांपूर्वी मी एक छोटे पत्रक मांडले आणि तिथ्यांचे आकडे संगणकाकडून आपोआप भरून घेतले. हिब्रूत आकडे अक्षरांनीच लिहितात. संगणकाने 15 साठी ‘योद’ आणि ‘हे’ ही अक्षरे, म्हणजे दहा अधिक पाच, टाकली. ती देवाच्या नावाची अक्षरे होतात, म्हणून परंपरेने 15 हा तेत-वाव असा नऊ अधिक सहाने, आणि 16 हा तेत-झायिन असा नऊ अधिक सातने लिहितात. छापून झाल्यावर आमच्या सिनेगॉगमधल्या एका वृद्ध गृहस्थांनी पत्रकावर बोट ठेवून ते मला दाखवले, आणि ते बोट नेमके पेसाख सणाच्या दिवसावर, निसान महिन्याच्या 15 तिथीवर होते. ती पत्रके रद्दीत टाकता येईनात. जीर्ण प्रार्थनापुस्तकांबरोबर ती पुरण्यासाठी वेगळी ठेवावी लागली. दिनदर्शिका तर वर्ष सरले की लोक फेकूनच देतात, त्यामुळे चित्रातल्या एखाद्या पाटीवर किंवा तोरणावरही देवाचे चार अक्षरी नाव येणार नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहा.

तसेच दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हे चौकटीत दिसले पाहिजे. दारफळणीचा सण, म्हणजे योम किप्पुर, 21 सप्टेंबरला असला तरी उपास 20 तारखेला रविवारी संध्याकाळीच सुरू होतो, आणि आदल्या चौकटीत तसे लिहिले नसेल तर तरुण मंडळी हमखास गोंधळतात. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्यांची वेळ सर्वसाधारणपणे सूर्यास्ताच्या 18 मिनिटे आधीची असते. वेळा मुंबईच्या असतील तर तसे छापा, कारण पुण्यात सूर्य सुमारे चार मिनिटे आधी मावळतो.

छपाईवाला, पुणे:
दीडशे प्रतींसाठी ऑफसेट परवडणार नाही, कारण प्लेटचा खर्च प्रती कमी असल्या तरी तेवढाच येतो. डिजिटल छपाई करा. 13 × 19 इंची कागदावर ए-3 आकार नीट बसतो. कागद 170 जीएसएमचा मॅट घ्या. चकचकीत कागदावर बॉलपेन चालत नाही, आणि आपल्याकडे दूधवाल्याचा हिशेब दिनदर्शिकेवरच लिहिला जातो. मुखपृष्ठ धरून चौदा पाने होतात, त्यांना वर वायरो, म्हणजे तारेच्या कड्यांची, बांधणी उत्तम. मात्र भोकांसाठी वरची सुमारे 12 मिलिमीटर जागा मोकळी सोडा आणि चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई, ठेवा. पडद्यावरचा तेजस्वी निळा छापल्यावर मळकट होतो, तेव्हा समुद्राच्या चित्राचे एक पान त्याच कागदावर आधी छापून घ्या आणि ते मूळ चित्राशेजारी दिवसाच्या उजेडात धरून पाहा. आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकांना मिळणाऱ्या क्रमांकाच्या, मागे लागू नका, तो नुसत्या दिनदर्शिकेला मिळत नाही.

अश्दोदची मावशी:
मुली, तुझा प्रश्न वाचून फार बरे वाटले. इथे इस्राएलमध्ये माझ्या नातवंडांना मराठी समजते, पण घाणा म्हणजे काय हे त्यांना हातवारे करून सांगावे लागते. तुझ्या बारा चित्रांत घाणा दिसला नाही, म्हणून सुचवते: तेरावे चित्र त्याचे काढ. पहिल्या अदारात मोठा सण नसतो, म्हणून ते पान कामाच्या दिवसासाठी मोकळे आहे. आपल्या तेल गाळणाऱ्या लोकांना शनिवार तेली हे नाव पडले ते शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे. तेव्हा थांबलेला घाणा, सोडलेला बैल आणि दारातून येणारे सकाळचे ऊन, एवढेच काढलेस तरी पुरे. शब्बाथ त्यात आपोआप येईल.

आणखी एक. प्रती इस्राएलमध्ये पाठवणार असशील तर दोन्हीकडचे दिवस दाखव. सिम्हाथ तोरा हा सण इथे 3 ऑक्टोबर 2026 ला, भारतात 4 ऑक्टोबरला. पेसाख इथे सात दिवस, तिथे आठ. भारतातल्या जादा दिवसाला वेगळा रंग दिलास की दोन दिनदर्शिका कराव्या लागणार नाहीत. आणि सणांची आजीची नावेच मोठ्या अक्षरांत छाप, हिब्रू नावे त्यांखाली.

रेवदंड्याची लेक:
मावशी, घाण्याचे रेखाटन आज सकाळीच सुरू केले. बैलाच्या डोळ्यांवरची झापडे काढून खुंटीला टांगलेली दाखवते आहे. ठाणेकरकाका, सर्व पानांवरच्या 15 आणि 16 या तिथ्या मी हाताने लिहिणार आहे आणि छापायला देण्यापूर्वी आमच्या सिनेगॉगच्या हझ्झानांकडून, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांकडून, तपासून घेणार आहे. नवगावच्या समुद्राचे नमुना-पान या आठवड्यात छापून आणते. निळा कसा उतरला ते इथे कळवीन.