संगीत नाटकाचा सिनेमा होतो तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

अंत्रूजकर

आमच्या देवळाच्या उत्सवात यंदा 'कट्यार काळजात घुसली' बसवतोय. परवा तालमीत नांदीवरून, म्हणजे नाटकाआधीच्या देवाच्या पदावरून, वाजलं. पेटीवर बसणारा मुलगा म्हणाला, 'पंचतुंड'ऐवजी 'सूर निरागस हो' घेऊया, सगळ्यांना पाठ आहे, लोक बरोबरीने म्हणतील. जुनी मंडळी उठूनच उभी राहिली. सिनेमातलं गाणं, आणि नाटकाच्या नांदीला? एकाने टुवाल खांद्यावर टाकला आणि निघाला. त्याला देवळाच्या पायऱ्यांवरून समजूत काढून परत आणला.

मला मात्र त्या गडबडीत आजोबा आठवले. ते गावच्या नाटकांचे प्रॉम्प्टर. विंगेत पाटावर बसायचे, हातात बॅटरी आणि वही. 'कट्यार' तर वहीशिवाय तोंडपाठ. २०१५ च्या दिवाळीत सिनेमा आला तेव्हा त्यांना पणजीला घेऊन गेलो. अंधारात बघतो तर ओठ हलताहेत, पडद्यावरच्या नटाच्या अर्धा शब्द पुढे. मग मिरजेचा प्रसंग आला. राजगायक पंडितजी त्यांचे पुढचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब यांना ऐकतात आणि विश्रामपूरला घेऊन येतात तो. ओठ थांबले. मला वाटलं आता रागावणार. मध्यंतरात चहा घेताना म्हणाले, "हा नाटकाच्या आधीचं नाटक दाखवतोय रे. बरं केलं. खाँसाहेब एवढा का जळतो ते पोरांना आता कळेल."

एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. सिनेमात कट्यारच गोष्ट सांगते, रिमा लागूंच्या आवाजात. आजोबांचं म्हणणं, वस्तूला बोलायला लावलं की माणसाची वाक्यं कमी होतात. यावर मी अजून विचार करतोय.

तुमचं काय? कुठलंही संगीत नाटक चालेल, कुठलाही सिनेमा. आणि नांदीबद्दलही बोला, निकाल लागायचाय.

पायपेटी

सिनेमात वन्समोअर नाही. माझं दुखणं तेवढंच आहे, पण मोठं आहे.

वडील सांगायचे, नाटकातले खाँसाहेब वसंतराव देशपांडे 'सुरत पिया की' रोज वेगळं गायचे. आज जी जागा घेतली ती उद्या मिळेलच असं नाही. लोक त्याच नाटकाला पुन्हा पुन्हा जायचे ते काही गोष्ट कळली नाही म्हणून नव्हे. सिनेमातलं गाणं मी कितीही वेळा लावलं तरी तान तिथेच वळते.

मी उत्सवात ऑर्गन वाजवतो. नट ताना घेतो तेव्हा माझे डोळे त्याच्या खांद्यावर असतात. समेवर यायच्या आधी खांदा किंचित खाली येतो, तो दिसला की मी तयार. सिनेमात गळा राहुल देशपांडेंचा आणि चेहरा सचिन पिळगांवकरांचा. ओठ त्यांनी फार छान जुळवलेत, मेहनत दिसते. पण खांदा जुळत नाही. मला सारखा तो खांदाच दिसत होता.

चवथीकार

पायपेटीकाका, आदर आहे, पण मी सिनेमातूनच नाटकाकडे आलो. शाळेत होतो. 'अरुणी किरणी' ऐकलं आणि घरी सांगितलं, मला क्लास लावा. महेश काळेंना त्याच गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या क्लासात तेव्हा बसायला जागा उरली नव्हती, मुलं पायरीवर बसून शिकायची. चवथीला वाड्यावर फिरताना घराघरांत आरतीनंतर 'सूर निरागस हो' असायचं. आता सांगा, हे वाईट झालं?

नांदीला माझं मत 'सूर निरागस हो'ला. गणपतीचंच आहे ते.

पायपेटी

वाईट झालं असं कुठे म्हटलं बाबा. तू क्लासला गेलास ते उत्तमच. फक्त आता नाटकाला येऊन पुढच्या रांगेत बस. खांदा दिसेल.

शिरोड्याची

घाईत लिहितेय, कुकर लावलाय. नाटकाची आठवण म्हणजे मला खाजेच आठवतं 😀 दुपारीच मांदऱ्या, म्हणजे चटया, टाकून जागा धरायची, पालखी आली की मग पडदा, आणि पहाटे खाज्याचा पुडा घेऊन घरी. सिनेमागृहात पॉपकॉर्न खात 'घेई छंद' ऐकायला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बाकी सिनेमा आवडला. शिट्टी झाली, येते.

मडगांवकरीण

मी सहसा लिहीत नाही. आजोबांचं वाचलं आणि राहवलं नाही.

आई 'कट्यार'मधली झरीना करायची, खाँसाहेबांची मुलगी. आमच्या गावात तेव्हा बायकांच्या कामाला बाहेरून नटी आणत, बिदागी देऊन. गावची सून रंगमंचावर उभी राहणं हे घरात सोपं नव्हतं. आजीने, म्हणजे आईच्या सासूने, सगळ्यांना गप्प केलं. "गळा देवाने दिलाय, देवासमोर गाते, तुमचं काय जातं?" पुढे उत्सवात आईचं काम ठरलेलंच.

मग गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. त्यानंतर आवाज बसला तो बसलाच. बोलते, हाक मारते, पण वरचा षड्ज लागत नाही. नाटक सुटलं. तंबोऱ्याला घातलेली गवसणी पुन्हा काढली नाही.

सिनेमाला नेऊ की नको असं झालं होतं मला, कारण गोष्ट माहीत होती. स्पर्धेच्या वेळी पंडितजी तोंड उघडतात आणि सूरच येत नाही. शेंदूर खायला घातलेला असतो ना. शंकर महादेवन यांचा चेहरा तिथे अगदी जवळून आहे. आमच्या देवळात मागच्या रांगेतून असा चेहरा कुणाला दिसणार? मी पडद्याकडे बघायचं सोडून आईकडे बघत होते. ती रडली नाही. हात गळ्यावर गेला, टाक्याचा वण आहे तिथे, आणि गाणं पुढे सरकेपर्यंत तिथेच होता.

घरी आल्यावर भाजी चिरता चिरता म्हणाली, "अस्संच होतं. हवा येते, सूर येत नाही. त्या माणसाला कसं कळलं?"

बाकी सिनेमावर तिची तक्रारही आहे. नाटकात फैयाजबाईंनी झरीना स्वतःच्या गळ्याने उभी केली, सिनेमातल्या झरीनाला गळा दुसऱ्याचा. "दिसते गोड, पण खाँसाहेबाची मुलगी वाटायला श्वास लागतो गाणाऱ्याचा." हे ती आजही ऐकवते.

अंत्रूजकर

ताई, आईंना नमस्कार सांगा. आजीनासुद्धा, जिथे असतील तिथे.

शिरोड्याची

कुकर उतरवून परत आले आणि हे वाचलं. डोळे भरले गं. आईंना एकदा तालमीला तरी घेऊन जा. शिकवायला गळा लागतोच असं नाही, कान पुरतो.

मडगांवकरीण

शेजारच्या मुलीला शिकवते आता. पेटी समोर ठेवते, पट्टी दाबून सूर दाखवते, चुकलं की तिच्या मांडीवर थाप. देव बरें करूं सगळ्यांना.

पेडण्याचो

जरा हसा आता. आमच्याकडे 'कट्यार' लागलं होतं. राजगायकाला जी कट्यार मिळते, जिच्याने एक खून माफ, तीच विंगेतून गायब. पोरं घेऊन खेळत होती, नंतर तळीच्या काठावर सापडली. खाँसाहेब कमरेला हात घालतायत, हाताला काही लागत नाही. पडद्याआडून कुणीतरी नारळ सोलायचा कोयता पुढे केला. त्याने तो तितक्याच रुबाबात उचलला. मागून एकजण ओरडला, "कोयतो काळजांत घुसलो!" सगळं मंडप हसून लोळलं, आणि तरीही त्याने पुढचं पद असं गायलं की वन्समोअर घ्यावा लागला.

सिनेमात कोयता चालत नाही. हा माझा मुद्दा.

चवथीकार

😂😂 आता आमच्या ग्रुपचं नावच हे ठेवणार

कुडचडेकार

कुणाला भाड्याने चांगली पायपेटी मिळेल का? आमची भाता फुटून पडलीय. फोंडा, सांगे, केपे कुठेही चालेल.

पायपेटी

भाता इथेच दुरुस्त होतो, टाकू नका. फोटो पाठवा. चामडं सुकलंय की शिवण उसवलीय ते बघतो.

सासष्टीचा

माझी बायको तियात्र, म्हणजे आपलं कोंकणी नाटक, सोडत नाही, त्यामुळे मीही बघतो. १८९२ साली मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून त्याची रीत एकच. प्रवेश संपतो, पडदा पडतो, आणि पडद्यापुढे येऊन कांतार, म्हणजे गाणं, म्हणतात. त्याचा गोष्टीशी संबंध असेलच असं नाही. महागाईवर, राजकारणावर, कशावरही. लोक त्यासाठीच बसलेले असतात. याचा सिनेमा करायचा म्हटला तर कांतार ठेवायचं कुठे? गोष्टीत घातलं तर धार जाते, काढलं तर तियात्र राहत नाही. आपल्या नाट्यपदाचं थोडं सोपं आहे, ते पात्राच्या तोंडचं असतं. म्हणून 'कट्यार' जमली असं मला वाटतं. तिथे गाणं हीच गोष्ट आहे. भांडण गाण्याचं, हारजीत गाण्याची.

अंत्रूजकर

हे फार पटलं. 'मानापमान'च्या सिनेमात मला तीच अडचण जाणवली. जानेवारी २०२५ मध्ये आला. दिग्दर्शक 'कट्यार'चेच सुबोध भावे, संगीत पुन्हा शंकर-एहसान-लॉय. पण १९११ चं खाडिलकरांचं नाटक, गोष्ट पैशाच्या गर्वाची आणि शौर्याची. गाणी त्या गोष्टीवर चढवलेला दागिना. नाटकात तो दागिना बघायलाच लोक येतात. सिनेमात वाटतं, आता पुढे सरका.

मंगेशीहून

थांबा थांबा. नाटकाच्या नायकाची, धैर्यधराची पदं म्हणजे दागिना? मास्टर दीनानाथ ज्या गावात जन्मले त्या गावातून लिहितोय. 'शूरा मी वंदिले' गाताना त्यांनी जे केलं ते दागिना नव्हे, तोच धैर्यधर. ती तान ऐकल्यावर माणूस लढायला जाणार हे सांगावं लागत नाही. सिनेमात त्याला घोडा द्यावा लागतो, तलवार द्यावी लागते. म्हणजे गाण्यावर विश्वास कमी पडला.

आणि 'कट्यार'च्या यशाचं श्रेय वाटताना संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांना पहिलं ठेवा. नवी गाणी गोड आहेत, कोण नाही म्हणतो. पण ज्या ठिकाणी सिनेमा अंगावर येतो तिथे 'सुरत पिया की' आहे, 'घेई छंद' आहे, 'तेजोनिधी' आहे. १९६७ च्या चाली आहेत त्या. आमच्याच गावच्या माणसाने बांधलेल्या.

चवथीकार

'दिल की तपीश' अंगावर येत नाही?

मंगेशीहून

येतं. ते मान्य. राहुलने गायलंय म्हणून जास्त येतं, त्याच्या आजोबांचा, वसंतरावांचा गळा त्याच्यात ऐकू येतो. पण चाल कानात घेऊन झोपायचं तर मी 'घेई छंद' घेऊन झोपतो.

शिरोड्याची

मला सांगा, आता 'मत्स्यगंधा' नाटकाचा सिनेमा केला तर? १९६४ चं, गोवा हिंदू असोसिएशनचं. आशालताबाई आणि रामदास कामत, दोघंही आपलीच माणसं. 'गर्द सभोवती रान साजणी' म्हटलं की मला अजून आमच्या पोफळीच्या कुळागराचा वास येतो.

सासष्टीचा

करावा की. नदी, होडी, धुकं, सगळं मांडवीवर नाहीतर झुआरीवर मिळेल. सेट लावायलाच नको.

मंगेशीहून

धुकं पाहिजे तेवढं घाला. 'गुंतता हृदय हे'ला नवं संगीत घातलं तर मी तिकीट काढणार नाही.

पायपेटी

आणि पराशराच्या भूमिकेला गाणारा घ्या. ओठ हलवणारा नको. रामदास कामतांचा तो खडा आवाज ज्याने समोर बसून ऐकलाय त्याला दुसऱ्याचा गळा चालायचा नाही.

चवथीकार

गाणाराच घेतला आणि अभिनय आला नाही तर? काका, नाटकात चालून जातं, सिनेमात कॅमेरा तोंडावर असतो. मडगांवकरीण ताईंनीच लिहिलंय वर, चेहऱ्यानेच तो प्रसंग जिंकला. आणि शंकर महादेवन स्वतः गाणारेच आहेत बघा.

पायपेटी

हे मात्र बिनतोड बोललास. ते स्वतः गात होते म्हणून सूर नसल्याचा चेहरा आणू शकले. माझ्याच बाजूचा पुरावा दिलास तू.

कुडचडेकार

फोटो पाठवलेत. भात्याची शिवणच उसवलीय वाटतं.

पायपेटी

बघितले. चामडं चांगलं आहे. रविवारी सकाळी घेऊन या, जेवूनच जा.