भृगू सरोवर: दम आणि उंची

"सोंसोगड, दूधसागर सहज करणाऱ्याला मनालीजवळचं भृगू सरोवर जड जाणार नाही" हे पायांपुरतं मान्य. पण सोंसोगड गोव्यात सर्वांत उंच असूनही 1,200 मीटरच्या आत आहे, भृगू 4,200 च्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्केच, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी.

माझा फोंड्याचा मित्र रोज फुटबॉल खेळणारा, तंबूचं ओझं घेऊनही माझ्यापुढे चालायचा. सरोवराखालच्या मुक्कामी मात्र त्याला मॅगीचा वासही नकोसा झाला, बुटाची नाडी बांधायला वाकला की डोकं ठणकायचं. आम्ही तिथूनच उतरलो. खाली आल्यावर तो पोटभर वरणभात जेवला. त्रास उंचीचा होता, दमाचा नव्हे. तेव्हा शरीराला उंचीची सवय व्हायला मनालीत दोन रात्री काढाच, आणि 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरहून जास्त वाढवू नका, कितीही फिट असलात तरी.