'भांडवली खर्च' म्हणजे भांडवल खर्ची पडलं का?

बाळीवेस: माझ्या अनुवादात 'सरकारने भांडवली खर्च वाढवला की विकसनशील देशात वाढीला जोर येतो' असं वाक्य आहे. यंत्रमागवाल्या वाचकाचा आक्षेप: भांडवल खर्च झालं तर वाढ कसली? माग भंगारात जातात.

उजनीकाठ: 'भांडवली गुंतवणूक' लिहा.

लेखाशीर्ष: चालणार नाही. केंद्राच्या भांडवली खर्चात रस्ते-इमारतींसारख्या टिकाऊ मालमत्तेबरोबर राज्यांना दिलेली कर्जंही धरतात. 2025-26 चा 11.21 लाख कोटींचा अंदाज त्यांच्यासकट आहे. उलट स्मार्ट सिटीचं अनुदान (सोलापूर 2016 च्या पहिल्या वीसात) केंद्राच्या हिशेबात महसुली, म्हणजे चालू खर्च, धरलं गेलं, कारण होणारी मालमत्ता केंद्राची नाही. बांधकाम खात्याची भाषा बरी: पन्नास-चोपन्नमधून (लेखाशीर्ष 5054, भांडवली) नवा रस्ता, तीस-चोपन्नमधून (3054, महसुली) खड्डे बुजवणं.

उजनीकाठ: लेखाशीर्षांचे आकडे म्हणजे मराठी नव्हे!

पाणवेस: वाद शब्दाचा आहे, पण वाक्यही अर्धवट आहे. एनआयपीएफपी या दिल्लीतल्या सार्वजनिक वित्ताच्या संशोधन संस्थेच्या 2013 च्या अभ्यासात भांडवली खर्चाचा गुणक (रुपयाच्या खर्चामागे उत्पन्न किती वाढतं तो आकडा) 2.45 आला, महसुलीचा एकच्या आसपास. पण भूसंपादन अडलं, यंत्रं आयात करावी लागली, कंत्राट फुगलं की गुणक गळतो. विकसनशील देशांत हेच जास्त. अर्थतज्ज्ञ लँट प्रिचेटचा मुद्दाच हा की सरकारने ओतलेल्या पैशांची बेरीज म्हणजे भांडवल नव्हे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 2015 मध्ये सरकारी गुंतवणुकीचा सरासरी तीस टक्के लाभ वाया जातो असं मांडलं. आणि जलवाहिनी भांडवलीतून घातली तरी पंपांचं वीजबिल महसुलीतच येतं. ते थकलं तर नळ कोरडा, वाढही कोरडी.

लेखाशीर्ष: म्हणून 'महसुली' म्हणजे उधळपट्टी हे समीकरणही चूक. दुरुस्ती टाळली की दहा वर्षांनी तोच रस्ता पन्नास-चोपन्नमधून पुन्हा.

बाळीवेस: वाक्यात काय लिहू ते सांगा की.

उजनीकाठ: मुळात 'भांडवल' म्हणजे भांड अधिक बल. बळ देणारा माल.

पाणवेस: ही ओढाताण झाली. संस्कृतात 'भाण्ड' म्हणजे व्यापाराचा माल, एवढं ठीक. पण कन्नडात 'बंडवाळ' आहे, अर्थ तोच. 'वल' तिकडून आलं की 'वाळ' इथून गेलं?

उजनीकाठ: इथूनच गेलं असणार.

लेखाशीर्ष: पुरावा? अक्कलकोटपलीकडे, कर्नाटकात, उलटंच सांगतील.

पूर्वभाग: तेलुगूत भांडवलाला 'पेट्टुबडि' म्हणतात. पेट्टु म्हणजे ठेवणं, घालणं. खर्चाचा संबंधच नाही.

बाळीवेस: मग 'घातलेला पैसा' लिहू?

उजनीकाठ: 'पैसा घातला' म्हणजे बुडवला असंही होतं बे.