कब पथकाचं वचन मुलांकडून कसं करून घ्यायचं? खेळ सुचवा (कोल्हापूर)

शिट्टीवाली_बाई
नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेत प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. यंदा कब पथक (स्काऊटमधली लहान मुलांची शाखा) माझ्याकडं आलंय. वीसेक पोरं आहेत, गणपती झाल्यावर दीक्षाविधी, म्हणजे वचन देऊन पथकात सामील व्हायचा कार्यक्रम, घ्यायचाय. तोवर कबचं वचन आणि नियम यायला हवेत.

अडचण अशी की पोरं रोज परिपाठाला 'भारत माझा देश आहे' म्हणतात. त्यामुळं वचनात देशाचं नाव आलं की गाडी रूळ बदलते आणि थेट 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' करत सुटते. घोकून घेतलं तर एका दमात म्हणतात, पण 'सत्कृत्य म्हणजे काय रे?' विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मैदानात चिखल आहे, म्हणून हॉलमध्ये जमतील असे गटाचे खेळ सांगा. खर्च शक्यतो नको.

पेठेतला_गोली
चेंडू घ्या की मॅडम, पेठेत चेंडूला काय तोटा! सगळ्यांना गोलात बसवायचं. पहिल्यानं वचनाचा पहिला तुकडा म्हणायचा आणि चेंडू कुणाकडं पण टाकायचा. ज्याच्याकडं गेला त्यानं पुढचा तुकडा म्हणायचा. अडला तर 'आऊट' करू नका, सगळ्यांनी मिळून तो तुकडा म्हणायचा आणि खेळ चालू ठेवायचा. आऊट केलं की ज्याला येत नाही तोच आधी बाहेर बसतो, आणि त्यालाच तर शिकवायचं असतंय.

हॉलमध्ये पायानं खेळू देऊ नका मात्र. काचा आहेत.

वाचनकट्टा
हे घ्या, आमच्या ग्रुपवर आलेलं पूर्ण वचन. पाठ करायला सोपं आहे. (फोटो जोडला आहे)

जुना_अकेला
थांबा, फोटोतलं वचन स्काऊटचं आहे, कबचं नाही. शीलाला स्मरून वचन देणं स्काऊटकडं येतं, ते दहा वर्षांच्या पुढच्या मुलांचं. त्यांना नियमही नऊ. कबला नियम दोनच: मोठ्यांचं ऐकणं, आणि स्वच्छ व विनम्र राहणं. फोटो बघून शिकवलंत तर दीक्षाविधीच्या आदल्या दिवशी गोंधळ होईल. शब्द पथकाच्या पुस्तिकेतलेच घ्या. 'ईश्वर' शब्दाच्या जागी 'धर्म' म्हणायची मुभा असते, तेव्हा पालकांना ते आधीच विचारून ठेवा.

आता खेळांचं. मी बरीच वर्षं पथक चालवलं, त्यातलं जे खरंच चालतं तेवढं सांगतो.

वचनाचे आधी चार तुकडे पाडा. होईल तितका प्रयत्न करीन, हा पहिला. ईश्वर आणि देश यांच्याबद्दलचं कर्तव्य, हा दुसरा. कबचा नियम पाळणं तिसरा आणि रोज एक सत्कृत्य चौथा. शब्द पुस्तिकेतले, पण पोरांच्या डोक्यात हे चार कप्पे पक्के बसायला हवेत. डाव्या हाताची चार बोटं एकेक करून मिटायची, एका बोटाला एक तुकडा. तुमची पोरं 'भारत माझा देश'कडं वळतात ती दुसऱ्या बोटावर. तिथं बोट मिटून क्षणभर थांबायची सवय लावा आणि मग पुढं जा. तेवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

मग फळा. पूर्ण वचन मोठ्या अक्षरात लिहा, सगळ्यांनी एकदा वाचायचं. एका पोरानं येऊन कुठलाही एक शब्द पुसायचा. पुन्हा सगळ्यांनी 'वाचायचं', पुसलेल्या शब्दासकट. दुसऱ्यानं दुसरा पुसायचा. असं करत करत फळा कोरा होतो आणि पोरं कोऱ्या फळ्यावरून वचन वाचतात. पुसायला मिळावं म्हणून भांडतात, त्यामुळं नंबर आधी लावा. घोकंपट्टीपेक्षा हे बरं, कारण दर फेरीला त्यांना शब्द आठवून काढावा लागतो.

तिसरा खेळ षटकांचा, म्हणजे कबच्या सहा-सहा पोरांच्या गटांचा. प्रत्येक षटकाला जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पट्ट्यांवर वचन तुकड्यांत लिहून द्या. पट्ट्या पिसायच्या, दोरी बांधायची आणि कपड्याच्या चिमट्यांनी क्रमानं लटकवायच्या. त्यात दोन पट्ट्या मुद्दाम शाळेच्या प्रतिज्ञेतल्या घाला. परकी पट्टी ओळखून बाजूला काढली तरच षटकाला गुण. तुमच्या रोगावर हेच औषध आहे. खेळ मुरला की किमच्या खेळासारखं करा: पोरांनी डोळे मिटायचे, तुम्ही एक पट्टी काढून घ्यायची, कुठली गेली ते त्यांनी सांगायचं.

रविवारची_मिसळ
अकेला सर, नाद खुळा! ती परक्या पट्टीची आयडिया मी पळवणार.

अर्थाचं मात्र कुणी बोललं नाही. आमच्या लहानपणी स्काऊटमध्ये स्कार्फच्या टोकाला गाठ मारून ठेवायचे. दिवसभरात कुणाच्या तरी उपयोगी पडलं की ती सोडायची. पोरांचे स्कार्फ अजून आले नसतील तर रुमालाला मारा. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर दोघा-तिघांना विचारायचं, गाठ कशी सोडली? आजीच्या चष्म्यापासून रस्त्यावरच्या केळीच्या सालीपर्यंत काय वाट्टेल ते ऐकायला मिळतं. 'आईनं सांगितलं म्हणून दप्तर आवरलं' हे चालणार नाही हं, ते नियमात आलं, सत्कृत्यात नाही. यावर पोरं वकिलासारखी वाद घालतात. घालू द्या.

हलगी_वाजली_की
ताई, हलगीवर घ्या वचन. ठेका धरला की पोरं विसरत नाहीत. लेझीमचे चार पवित्रे, चार तुकडे. मर्दानी खेळ शिकणारी पोरं असतील तर ती पुढं उभी करा, बाकीची आपोआप पाय उचलतात.

जुना_अकेला
हलगीला माझा विरोध नाही, पण दीक्षाविधीत वचन एकेकट्यानं, शांतपणे, समोरच्याच्या डोळ्यांत बघून द्यायचं असतं. ठेक्यावर शिकलेलं पोर तिथंही ठेक्यातच म्हणतं, शेवटाला आवाज चढवतं आणि वचनाची घोषणा होऊन बसते. मी हे बघितलंय. हलगी पहिल्या आठवड्यात वापरा, नंतर बंद.

हलगी_वाजली_की
हे मात्र खरं हाय सर. मान्य.

चौथीची_आई
मधेच विचारते. माझा मुलगा अशाच एका पथकात आहे आणि तो बोलताना अडखळतो. चेंडूचा खेळ वाचूनच पोटात गोळा आला. अशा मुलाचं काय करायचं?

जुना_अकेला
वहिनी, बरं झालं विचारलंत. अडखळणारी बरीच मुलं सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना जवळजवळ अडखळत नाहीत. त्यामुळं फळ्याचा खेळ त्याला सोपा जाईल. चेंडूच्या खेळात आमच्याकडं नियम होता की कुणालाही 'जोडीनं' म्हणता येतं, शेजाऱ्यानं बरोबर बोलायचं. हा नियम सगळ्यांना असला की तो कुणा एकासाठी आहे हे कळत नाही. दीक्षाविधीतही वेळ लागला तर लागू द्यावा, त्याचं वाक्य दुसऱ्यानं पुरं करू नये. त्याच्या सरांशी आधी जाऊन बोला, आणि मुलालाच विचारा त्याला काय हवंय. काही पोरांना एकट्यानंच म्हणायचं असतं.

चौथीची_आई
धन्यवाद दादा. विचारते त्याला.

पेठेतला_गोली
पाऊस उघडला की टाऊन हॉलच्या बागेत न्या पोरांना. झाडांच्या बुंध्याला पट्ट्या लावायच्या आणि षटकांनी शोधून क्रम लावायचा. रविवारी नको, गर्दी असती. चिकटपट्टी पण नको, सुतळी वापरा, आणि जाताना सोडून घ्या.

शिट्टीवाली_बाई
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पाऊस उघडायचं काही सांगू नका हो, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं निघालंय, शाळेला सुट्टी पडते की काय तेच बघतोय सगळे. तोवर ठरवलंय ते असं: शनिवारी बोटं आणि फळा. पुढच्या आठवड्यात दोरी-चिमटे, परक्या पट्ट्यांसकट. 'जोडीनं'चा नियम पहिल्या दिवसापासून. रुमालाची गाठ उद्यापासूनच, तिला हॉल लागत नाही. बागेचं सप्टेंबरात बघू.

हलगी पहिल्या शनिवारपुरती कुणाकडं मिळेल का? शाळेतली फुटलीय.

हलगी_वाजली_की
हाय की माझ्याकडं. पण ह्या हवेत चामडं ढिलं पडलंय, वाजवायच्या आधी शेकायला लागती. शाळेत जाळ करू देतील काय ते हेडबाईंना विचारून ठेवा, नाहीतर मी घरातनंच शेकून, पोत्यात गुंडाळून आणतो. किती वाजता येऊ?